एसएसआयसाठी अर्ज करायचाय, मुलाच्या नावावर बचत कशी ठेवावी? एबल अकाउंट की ट्रस्ट?

निळी_छत्री:
नमस्कार मंडळी. आम्ही न्यूजर्सीत असतो, लेक ऑटिस्टिक आहे, बोलतो अगदी थोडं पण त्याला काय हवं ते टॅबवर बरोबर दाखवतो. पुढच्या वर्षी अठराचा होईल, मग एसएसआयचा, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्या अपंगांना सरकार दरमहा देतं त्या मदतीचा, अर्ज करायचाय. त्याच्या नावावर वाढदिवसाचे, मुंजीत आलेले असे थोडे पैसे बँकेत आहेत, पुण्याला सासऱ्यांनी त्याच्या नावाने एफडी केलीय, आणि आता ते म्हणतायत की कोथरूडच्या फ्लॅटमध्येही मृत्युपत्रात नातवाचा वाटा लिहून ठेवतो. त्यांचा जीव आहे हो त्याच्यावर. पण इथे सगळे सांगतात मुलाच्या नावावर दोन हजार डॉलरच्या वर काही असलं की एसएसआय मिळत नाही. खरंच इतकं कडक आहे का? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज नीट सांगा, आमच्यानंतर त्याचं काय हा विचार रात्री झोपू देत नाही.

मोगरा_ओहायो:
ताई, हो, दोन हजारच आहे, आणि ही मर्यादा १९८९ पासून एका पैशाने वाढलेली नाही, महागाई कुठच्या कुठे गेली तरी. राहतं घर आणि एक गाडी धरत नाहीत, बाकी बँक, शेअर्स, एफडी सगळं धरतात, आणि बघतात ते महिना सुरू होतो त्या क्षणी किती होतं ते. अठरापर्यंत आईवडिलांचं उत्पन्न आणि बचत मोजतात म्हणून आपल्यासारख्या नोकरदारांच्या मुलांना सहसा मिळत नाही, अठरा झाल्यावर फक्त मुलाचं बघतात. म्हणून हे वर्ष हातात आहे ते महत्त्वाचं.

आधी एबल अकाउंट उघडा, म्हणजे अपंग व्यक्तीच्या नावाचं खास बचत खातं. २०१४ च्या कायद्याने आलेलं आहे, पहिलं आमच्या ओहायोनेच २०१६ ला सुरू केलं, पण दुसऱ्या राज्यातलेही त्यात उघडू शकतात, फक्त एका माणसाला एकच खातं. अपंगत्व २६ वर्षांच्या आत सुरू झालेलं असावं लागायचं, २०२६ पासून ती अट ४६ केलीय. वर्षाला सगळ्यांचे मिळून किती टाकता येतात त्याला मर्यादा आहे, २०२५ ला १९,००० डॉलर होती. त्यात एक लाख डॉलरपर्यंत असले तरी एसएसआयसाठी मोजत नाहीत, त्याच्यावर गेले तर एसएसआय थांबतो पण मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा, चालू राहतं. त्याच्या नावावरचे बँकेतले पैसे अर्जाच्या आधी यात हलवता येतील.

आमची लेक किराणा दुकानात ट्रॉल्या लावायचं काम करते, तिचं एबलचं डेबिट कार्ड तिच्याच पाकिटात असतं. बसचा पास, स्पीच थेरपी, हेडफोन, फोनचं बिल, सगळं त्यावर. ती स्वतः कार्ड लावते आणि पावती घरी आणून डब्यात टाकते, तो डबा मी महिन्याला रिकामा करून फोटो काढून ठेवते, कारण कधी विचारलं तर खर्च तिच्यासाठीच झाला हे दाखवता यायला हवं. एक लक्षात ठेवा, आजीआजोबांनी एबलमध्ये टाकलेले पैसे तिचं उत्पन्न धरत नाहीत, पण पगार एबलमध्ये टाकला तरी तो उत्पन्न म्हणून मोजतातच.

काका_सॅनहोजे:
वरचं सगळं बरोबर. माझं कळकळीने सांगणं एवढंच की वारसाहक्काचा मोठा पैसा एबलमध्ये भरू नका. मूल गेल्यावर एबलमध्ये उरलेल्या पैशावर राज्य मेडिकेडच्या खर्चापोटी दावा करू शकतं, काही राज्यांनी ते कमी केलंय पण सगळीकडे नाही. त्यासाठी स्पेशल नीड्स ट्रस्ट, म्हणजे अपंग व्यक्तीसाठी ठेवलेले पैसे ट्रस्टी सांभाळतो तो, आणि त्यातही थर्ड पार्टी ट्रस्ट, म्हणजे आईवडील किंवा आजीआजोबांच्या पैशाचा. त्यात राज्याला परत द्यायची अट नसते, उरलेलं दुसऱ्या भावंडाला जाऊ शकतं. मुलाच्या स्वतःच्या पैशाचा, समजा अपघाताची भरपाई आली, तर फर्स्ट पार्टी ट्रस्ट लागतो, तो ६५ च्या आत करावा लागतो आणि त्यात राज्याला परतफेड असते. दोन्ही पैसे एका ट्रस्टमध्ये कधीच मिसळू नका!

ट्रस्टने मुलाच्या हातात रोख द्यायची नाही, दुकानदाराला किंवा थेरपिस्टला थेट द्यायचे. ट्रस्टने घरभाडं भरलं तर एसएसआय कमी होतो, पण ट्रस्टने एबलमध्ये टाकले आणि एबलमधून त्याच महिन्यात भाडं भरलं तर होत नाही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जेवणखाणाचं मात्र ३० सप्टेंबर २०२४ पासून धरायचं बंद केलंय, ती मोठी सोय झाली.

आणि हो, तुमची ४०१के (नोकरीतली रिटायरमेंटची बचत) आणि लाइफ इन्शुरन्स, त्यात नॉमिनी म्हणून मुलाचं नाव असेल तर ते आजच बदलून ट्रस्टचं घाला. इच्छापत्र कितीही छान केलं तरी हे पैसे इच्छापत्राने जात नाहीत, त्या फॉर्मवर ज्याचं नाव त्यालाच जातात.

निळी_छत्री:
काका, फार फार आभार. पण पुण्याचं काय करू? बाबांना कसं सांगायचं तेच कळत नाही.

सदाशिवपेठी_टेक्सास:
परदेशातली मालमत्ताही अर्जात विचारतात आणि धरतात, पुण्यात आहे म्हणून सुटत नाही. एफडी मोडून आजोबांच्याच नावावर परत घ्यायला सांगा, हे अठराच्या आतच उरकून घ्या, पण त्याच्या नावावरचं असं काढल्याचा अर्जावर काय परिणाम होईल ते आधी वकिलाला विचारा. फ्लॅटसाठी मृत्युपत्रात नातवाचं नाव नको, तुमच्या मिस्टरांचं घाला, मग विकल्यावर पैसे ट्रस्टमध्ये टाकायचे की काय ते मिस्टर ठरवतील. आमच्याकडे आजी खूप रुसली होती, तिला वाटलं नातवाला डावलतोय. तेव्हा आम्ही फोनवर न सांगता सुट्टीत समोर बसून सांगितलं, की आजी, त्याचा वाटा त्याच्यापर्यंत पोचावा म्हणूनच त्याचं नाव नको, नाव घातलंस तर आधी ते पैसे संपवावे लागतील आणि तोवर मदत बंद. मग तिला पटलं, आणि तिनेच मामाला फोन करून त्याचंही बदलायला लावलं.

मोगरा_ओहायो:
+१. आणि ताई, एसएसआयच्या चेककडे एवढं बघू नका, जीव आहे तो मेडिकेडमध्ये. तुमच्या न्यूजर्सीत २१ नंतर डीडीडीकडून (अपंगांसाठीचा राज्याचा विभाग) डे प्रोग्राम, घरी येणारा मदतनीस वगैरे मिळायचं तर मेडिकेड असावंच लागतं. खाजगीत ते खर्च आपल्याला झेपणारे नाहीत.

घाट_माथा:
मध्येच विचारतो, आम्ही एच१ वर आहोत, मुलगी एच४ वर, तिला एसएसआय?

काका_सॅनहोजे:
नाही, त्या व्हिसावर नाही. पण ट्रस्ट करायला कोणी अडवत नाही, तो करून ठेवा.

निळी_छत्री, अजून एक. तुमच्या दोघांपैकी कोणी रिटायर झालं की मुलाला तुमच्या सोशल सिक्युरिटीवर (सरकारी पेन्शनवर) दरमहा पैसे मिळू शकतात, अपंगत्व २२ च्या आधीचं असेल तर. त्याला दोन हजाराची मर्यादा नाही. फक्त त्याने लग्न केलं तर ते सहसा बंद होतं. वकील निवडताना तो रोज हेच काम करतो का ते विचारा, नुसता इच्छापत्रवाला नको. आणि ट्रस्टी तुमच्यानंतर कोण, त्याच्यानंतर कोण, दोन नावं ठरवूनच जा.

निळी_छत्री:
दीराशी आज रात्री बोलते, पहिलं नाव त्याचंच सुचतंय. दुसऱ्या नावासाठी, नात्यातलं कोणी नसेल तर बँक किंवा संस्था ट्रस्टी ठेवलेलं कोणी आहे का इथे? फी किती घेतात आणि मुलाला खरंच भेटायला येतात का, तेवढं सांगा.