फिडलच्या मागे ते काय झणझणतं? द ग्लोमिंगने वेड लावलंय, पुढे काय ऐकू?

रातकिडा:
मंडळी, गेले तीन आठवडे मी एकच अल्बम ऐकतोय, आयरिश बँड द ग्लोमिंगचा २०१४ चा पहिला, आणि आता कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून धागा काढला. आधी माझ्यासाठी सेल्टिक म्हणजे धबधब्याचा फोटो लावून तीन तास चालणारे ते बासरीचे व्हिडिओ, झोप यायला बरे, बाकी काही नाही. मग पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो रात्रीच्या बसने, मित्राने पाठवलेली लिंक लावली, त्यात ओपनिंग सेट म्हणून सोळा मिनिटांच्या वरचा एक तुकडा आहे, तो खंबाटकीच्या अलीकडे सुरू झाला आणि घाट संपला तरी चालूच. इतका सावकाश सुरू होतो की आपल्याला वाटतं हे नुसते सूर लावतायत, आणि मग कधी लय धरली, कधी वाढवली काही कळत नाही, शेवटाला मी पाय आपटत होतो, शेजारचे काका जागे झाले. गाणारा ईअरला ओ लिनार्ड, आयरिश भाषेतला एक शब्द मला कळत नाही पण मुरकी कुठे घेतोय आणि कुठे मुद्दाम सोडतोय ते कळतं.

प्रश्न असा की फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिनच, वाजत असताना मागे काहीतरी झणझणतं, गज थांबला तरी ते क्षणभर राहतं. हा स्टुडिओतला इको आहे की वाद्यातच काही आहे? आणि ह्याच्यापुढे काय ऐकू? अख्खे अल्बम सांगा, सुटी गाणी नको.

उत्तरेचं_टोक:
इको नाही हो, वाद्यच तसं आहे! त्या बँडमध्ये दोन फिडलवाले. मार्टिन हेज, क्लेअर परगण्यातला, तो साधं फिडल वाजवतो. दुसरा क्वीवीन ओ राहली, त्याच्याकडे हार्डांगर दामोरे, पाच तारा गजाने वाजवायच्या आणि त्यांच्याखाली पाच नुसत्या घुमायच्या. मूळ घराणं नॉर्वेचं, पश्चिम किनाऱ्यावरच्या हार्डांगर भागातलं हार्डिंगफेले, ह्याला वर चार आणि खाली चार किंवा पाच. अंगभर काळ्या शाईची वेलबुट्टी, शिंपल्याचं जडावकाम, डोक्यावर सिंहाचं नाहीतर ड्रॅगनचं तोंड. सगळ्यात जुनं म्हणून दाखवतात त्यावर साल आहे १६५१. एकोणिसाव्या शतकात धार्मिक लोकांनी ह्याला सैतानाचं वाद्य ठरवलं आणि कितीतरी फिडलं जाळली गेली, हे वाचलं तेव्हा मला खरंच पोटात कालवलं.

तुम्हाला सांगायचा अल्बम एकच, बेनेडिक्टे मौरसेथचा हार, २०२२ चा. ती त्याच हार्डांगरची, आणि त्यात पठारावरच्या रेनडिअरचे आवाज फिडलच्या आतबाहेर येतात, वेगळे लावलेले वाटत नाहीत, कळपच ऐकत उभा आहे असं वाटतं. रात्री ऐका, दिवसा वाया जाईल.

मी स्वीडनमध्ये उप्सालाला असते, त्यामुळे आमच्या इकडच्या नीकेलहार्पाबद्दल, म्हणजे चाव्यांच्या फिडलबद्दल, न बोलता कशी जाऊ. पट्टा गळ्यात घालून आडवं धरतात, उजव्या हातात छोटा गज, डाव्या हाताने लाकडी चाव्या खालून वर दाबायच्या, बोट काढलं की चावी आपल्याच वजनाने खाली पडते, स्प्रिंग नाही. पहिल्यांदा दोन हातांवर बसून ऐकलं तेव्हा सुरांच्या खाली तो लाकडाचा खट खट आवाज येत होता, पावसात पागोळ्या पडतात तसा. सोळा तारा, त्यातल्या बारा फक्त घुमायला. वेसेन ह्या स्वीडिश बँडचा कुठलाही अल्बम घ्या. त्यात पोल्स्का, म्हणजे इकडची नाचाची धून, तीन मात्रांची असते पण तिन्ही मात्रा सारख्या लांबीच्या नसतात, त्यामुळे टाळी देताना पहिल्यांदा सगळे चुकतात, तुम्हीपण चुकाल, थांबू नका.

मिरजकर_सतारवाला:
ताई, छान लिहिलंत. रातकिडा, तुम्ही ज्याला झणझणतं म्हणताय त्याला आपल्याकडे तरफ म्हणतात, म्हणजे खाली नुसत्या घुमणाऱ्या तारा, सतारीला पडद्यांच्या खाली अकरा ते तेरा, सारंगीला तीसच्या वर. घरी सतार असेल तर करून बघा, मी मुलीला असंच दाखवलं होतं, तरफेच्या तारेवर कागदाचा बारीक कपटा घडी घालून ठेवायचा आणि वरच्या तारेवर नेमका तोच सूर छेडायचा, कपटा थरथरतो, कधी उडून पडतो, हात न लावता. दुसरा सूर छेडला तर ढिम्म. तार केसभर जरी उतरलेली असेल तरी तो गप्प बसतो, म्हणून तरफ मिळवायला मला वाजवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

ताईंनी सांगितलेला हार काल लावला. आपली सतार झणझणते ती निम्मी जवारीमुळे, तारा जिच्यावर टेकतात त्या रुंद घोडीवर तार घासत जाते ना. त्यांची घोडी पातळ, म्हणून घूम स्वच्छ येते, लांबच्या देवळातल्या घंटेसारखी. आणि घोडीचा माथा सपाट असावा, कारण गज बहुतेक वेळ दोन तारांवर एकदम फिरतो, म्हणजे सूर आणि षड्ज एकाच हातात. तानपुरा वेगळा लागतच नाही! मी चाळीस मिनिटं खुर्चीतून हललो नाही.

लिफीकाठचा_कोल्हापुरी:
मी जरा वेगळं बोलणार. ग्लोमिंग सुंदर आहे पण मला आता फार नितळ वाटतं, पियानो सगळ्याच्या कडा घासून काढतो. डब्लिनमध्ये राहून ज्याने मला हलवलं तो फॉल्स लँकम, लँकम बँडचा २०२३ चा, मर्क्युरी प्राइझ ह्या अल्बमसाठीच्या पुरस्काराच्या यादीतही होता. पहिलंच गाणं आठ मिनिटांच्या वर, रेडी पीट एकटी सुरू करते, आवाज गोड करायचा जराही प्रयत्न नाही, आणि मग खालून हार्मोनियम, कॉन्सर्टिना, इलन पाइप्स असा घुमारा वाढत जातो की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. हार्मोनियम म्हणजे आपली पेटीच की, पण भजनात इतकी भीतीदायक मी कधी ऐकली नाही. इलन पाइप्स म्हणजे तोंडाने फुंकायचे नाहीत, कोपराखाली भाता असतो, इलन म्हणजेच कोपराचा. बसून वाजवतात. गाडी चालवताना ऐकू नका, मनापासून सांगतोय.

आणि उत्तर दक्षिण जोडायचं असेल तर शेटलंड. ही बेटं १४६९ पर्यंत नॉर्वेकडे होती, मग राजकन्येच्या हुंड्यापोटी गहाण पडून स्कॉटलंडकडे आली ती आलीच. तिथले फिडलवाले सूर वाजवताना शेजारची मोकळी तारही घुमवतात. तरफा नाहीत, पण कान नॉर्वेचाच आहे असं मला वाटतं. नॉर्डिक फिडलर्स ब्लॉक ऐका, एक नॉर्वेचा, एक स्वीडनचा, एक शेटलंडचा, तिघंच.

उत्तरेचं_टोक:
पियानोबद्दल नाही पटलं. ग्लोमिंगचा पियानोवाला थॉमस बार्टलेट कितीतरी वेळा एकच सूर लावून बाजूला होतो, ती जागा तो सोडतो म्हणून तर रातकिडांना तरफ ऐकू आली. लँकम मात्र बरोबर, माझ्याकडूनही मत.

रातकिडा:
सगळ्यांचे आभार, दोन रात्री झोपलो नाही. लँकम पहिल्या गाण्यातच बंद केलं, अर्ध्या तासाने परत लावलं आणि पूर्ण ऐकलं, आता त्या बाईचा आवाज डोक्यातून जात नाही. वेसेनच्या पोल्स्कावर टाळी चुकली, ताई म्हणाल्या तशीच, दुसऱ्या मात्रेला मी नेहमी लवकर पोचतो.

आणि काका, आमच्याकडे आजोबांची सतार आहे, माळ्यावर. काल उतरवली, वरच्या दोन तारा तुटल्यात, तरफेच्या नऊ शाबूत आहेत, सगळ्या उतरलेल्या. एक तार मिळवून कपटा ठेवला आणि तोच सूर ग्लोमिंगमधून मिळतो का म्हणून स्पीकर अगदी टेकवून ठेवला. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा हलला! मिरजेत तारा बसवून मिळतील का, कधी येऊ?

मिरजकर_सतारवाला:
रविवारी या, सतारमेकर गल्लीत कोणालाही दाखवू. येताना भोपळ्याला गादीत गुंडाळून आणा, बसमध्ये वरती ठेवू नका, मांडीवर घ्या.