अँडोरमधल्या लुथेनला माफ करायचं का? (स्पॉयलर आहेत)

पेठेतला_प्रेक्षक:
कोल्हापुरातल्या सायफाय बघणाऱ्यांना विचारतोय. अँडोर या स्टार वॉर्सच्या सिरीयलचे दोन्ही सिझन संपले, 2022 चा आणि 2025 चा, आणि साम्राज्याविरुद्ध गुपचूप बंड उभं करणाऱ्या लुथेनवरनं आमच्या ग्रुपात रोज वाद चाललाय. क्रीगर या दुसऱ्या बंडखोर नेत्याची माणसं सापळ्यात चालल्यात हे त्याला आधीच कळलेलं असतं तरी तो सावध करत नाही, कारण केलं तर आयएसबीमधला (साम्राज्याचं गुप्तचर खातं) त्याचा माणूस लोनी उघडा पडणार. म्हणजे आपल्याच बाजूची माणसं जाणूनबुजून मरू दिली. अल्धानी ग्रहावरचा साम्राज्याचा पगाराचा खजिना लुटल्यावर सरकार लोकांवर तुटून पडणार हे पण माहीत असतं, उलट तेच त्याला हवं असतं, त्याशिवाय लोक पेटणार नाहीत म्हणून. आणि ज्या लोनीनं एवढी वर्षं जीव धोक्यात घालून खबर दिली त्यालाच शेवटी हा ठार मारतो. मित्र म्हणतोय युद्धात असंच असतं. मला पटेना.

भुदरगडी:
भावा, अल्धानी बघताना मला आमची गारगोटीच आठवली. 13 डिसेंबर 1942 ला स्वातंत्र्यसैनिकांनी तिथल्या कचेरीवर हल्ला केला, सात जण हुतात्मा झाले. 1944 ला प्रतिसरकारच्या लोकांनी धुळ्याकडं चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. त्यांना आपण दरोडेखोर म्हणतो का? न्हाई. पण ती माणसं स्वतः पुढं झाली होती, काय होणार ते माहीत असून. क्रीगरला कुणी विचारलंच नाही. माझा राग तेवढ्यासाठीच हाय.

जुनी_ट्रेकी:
स्टार ट्रेकच्या डीप स्पेस नाईन सिरीयलमध्ये कॅप्टन सिस्कोनं हेच केलंय, 'इन द पेल मूनलाइट', 1998 चा एपिसोड. शत्रू डॉमिनियनविरुद्ध तटस्थ राहिलेलं रोम्युलन साम्राज्य युद्धात उतरावं म्हणून खोटा पुरावा बनवतो, रोम्युलन सिनेटरला तो बनावट आहे हे कळतं, मग सिस्कोचा साथीदार गॅरक त्या सिनेटरचं यानच उडवतो आणि रोम्युलन खरंच युद्धात उतरतात. शेवटी सिस्को आपली कबुली रेकॉर्डमधून पुसून टाकतो. मला सगळ्यात जास्त ते पुसणं लागलं. ज्यांच्या नावानं केलं त्यांना कळूच दिलं नाही, मग त्यांनी बरं-वाईट ठरवायचं कसं?

पेठेतला_प्रेक्षक:
पण ताई, सांगितलं असतं तर रोम्युलन फिरले असते की. लुथेनचं पण तेच, सगळे पकडले गेले असते. गुप्त ठेवल्याशिवाय चळवळ चालायची कशी?

जुनी_ट्रेकी:
युद्ध चालू असताना नको सांगू दे, पण नंतर? बॅटलस्टार गॅलॅक्टिकाचा तिसरा सिझन बघ. न्यू कॅप्रिका या माणसांच्या वसाहतीवर सायलॉन यंत्रमानवांचा कब्जा असतो, बंडखोरांचा नेता कर्नल टाय आत्मघाती हल्ल्यांना माणसं पाठवतो, आणि हे 2006 मध्ये, इराकमध्ये अमेरिकन सैन्य असताना अमेरिकन टीव्हीवर, आणि आपण बघत असतो टायच्या बाजूनं! एवढी हिंमत फार कमी सिरीयलींनी केली. पुढं सुटका झाल्यावर सहा जण गुपचूप कोर्ट बसवून फितुरांना एअरलॉकमधनं बाहेर फेकतात, फितूर सरकारात काम करणाऱ्या गेटालापण फेकणारच होते आणि तोच आतनं चळवळीला माहिती पुरवत होता. शेवटच्या क्षणी कळलं म्हणून वाचला. जे गुप्तपणे ठरवतात ते असे चुकतात, आणि चूक दाखवायला कुणी नसतं.

हुपरीकर_८८:
मी लुथेनच्या बाजूचा. तू काय सोडलंस असं लोनीनं तोंडावर विचारल्यावर तो काय बोलतो ते परत ऐका. स्वतःसाठी एक पैसा घेतला नाही, पकडणार दिसल्यावर स्वतःलाच सुरा खुपसला, आणि ज्या क्लेयाला वाढवलं तिलाच शेवटी दवाखान्यातलं त्याला जगवणारं मशीन बंद करायला लागलं. त्याच्याशिवाय बंड उभंच राहिलं नसतं.

भुदरगडी:
बंड त्यानं उभं केलं हे मान्य, त्यानं स्वतः सोसलं हे पण मान्य. पण क्रीगरच्या माणसांच्या घरच्यांना कुणी सांगितलं का? सिरीयलमध्ये ती माणसं मरताना पण दाखवली नाहीत, नुसती बातमी येती. मला तो एपिसोड पाहिजे होता.