मदत हवी आहे: १८ महिन्यांचं मूल, बोट दाखवत नाही. आधी कानांची तपासणी की थेट बालविकासतज्ज्ञ?

मूल नावाने हाक मारल्यावर क्वचितच वळतं, पण शेजारच्या खोलीतली रिंगटोन ऐकून धावत येतं. हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आपला हात धरून तिथे नेतं. एम-चॅट-आर या ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता तपासणाऱ्या प्रश्नावलीत २० पैकी ५ गुण आले, म्हणजे मध्यम जोखीम (३ ते ७). हे निदान नव्हे, पुढची फॉलो-अप मुलाखत हवी, इतकं माहीत आहे.

प्रश्न असा: श्रवणचाचणी आधी करावी ना? रिंगटोन ऐकू आली म्हणून बोलण्यातले सगळे आवाज नीट ऐकू येतात असं नाही. बेरा चाचणीला (आवाजाला कानाच्या नसेकडून आणि मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणारी श्रवणचाचणी) मूल गाढ झोपलेलं लागतं. औषध न देता तुम्ही ते कसं जमवलंत? आणि निदानाची वाट न पाहता स्पीच थेरपी कुणी सुरू केली का?