वीस लिटरमध्ये फायटर आणि श्रिंप: समतोल की मेजवानी?

काचेपलीकडे
परवाची पोस्ट सगळ्यांनी वाचली असेलच: "वीस लिटरचा टँक, एक फायटर (बेटा) मासा, दहा चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी), मूठभर मॉस (पाणवनस्पती). समतोल आपोआप साधतो, कटकट शून्य." खाली बदामांचा नुसता पाऊस. तिथे बोललो असतो तर मीच खडूस ठरलो असतो, म्हणून हा वेगळा धागा.

कसला समतोल? फायटर मांसाहारी आहे आणि आपल्या हद्दीत काही हललं की आधी चावून बघतो. चेरीची पिल्लं जन्मतात तीच दोनेक मिलिमीटरची, म्हणजे त्याच्या तोंडाच्या बरोबर मापाची. मोठ्यांच्या आधी मिशा जातात, मग पाय. कात टाकल्यावर अंग मऊ असतं तेव्हा उरलेलं काम होतं. नव्या टँकमध्ये दहाच्या दहा दिसतात, फोटोही तेव्हाच काढला जातो. पुढे काय झालं ते कुणी लिहीत नाही.

मॉसवाली
झालं, आणखी एक "मी सांगतो तेच शास्त्र". माझा फायटर श्रिंपकडे ढुंकूनही बघत नाही. अंडी धरलेल्या माद्या राजरोस समोरून फिरतात. मॉस मूठभर नको, अर्धा टँक भरून हवं, एवढंच. तुमचा मासा गुंड निघाला म्हणून सगळ्या जातीला बोल कशाला?

काचेपलीकडे
मॉसताई, "अर्धा टँक भरून" हे तुम्ही आत्ता म्हणालात. मूळ पोस्टीत मूठभरच होतं. म्हणजे माझंच म्हणणं मांडताय, फक्त रागावून.

शंखोबा
दोघंही लिटरवर का अडलात? पंचवीस बाय वीस तळाचा, चाळीस सेंटीमीटर उंच टँक घ्या: वीस लिटर. तोच आकार आडवा धरा, चाळीस बाय पंचवीस तळ, वीस उंची: तेही वीस लिटरच. पण तळ पाचशे चौरस सेंटीमीटरवरून थेट हजारावर. हद्द आखणारा मासा लिटर मोजत नाही. माझे मल्टी (टांगानिका सरोवरातले, शंखात राहणारे) एकेका शंखासाठी वाळू उपसून भांडतात. उंच टँकमध्ये वरचं पाणी त्यांच्या लेखी रिकामा माळा.

मॉसवाली
फायटर वर राहतो, शंखोबा. हवा घ्यायला वरच येतो. तळाचं त्याला काय?

शंखोबा
आडव्या टँकचा पृष्ठभागही तेवढाच वाढतो, ताई. आणि श्रिंप राहतात कुठे? तळाला. त्यांना पळायला जागा नको का?

टीडीएस_तात्या
इथे सगळे माशाला फासावर चढवायला निघालेत. बऱ्याच श्रिंप मासा मारत नाही, पाणी मारतं. मानेमागे पांढरी रेघ दिसली का कधी? कात नीट सुटली नाही की ती दिसते. आणि त्याला बऱ्याचदा कारण तुमचं लाडकं आरओचं पाणी. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळपास नसतंच. कवच बनणार कशाचं? मेलेली श्रिंप मासा खातो आणि खुनाचा आळही त्याच्यावरच येतो.

गप्प_गप्पी
तात्या, प्रत्येक धाग्यात आरओ! मी वर्षानुवर्षं आरओच वापरतो आणि माझी वसाहत फुललेली आहे.

टीडीएस_तात्या
नुसतं आरओ? की वर मिनरलची पावडर टाकता आणि ते सांगायला सोयीस्कर विसरता?

गप्प_गप्पी
पावडर टाकतोच. जीएच (पाण्याची कठोरता) सहा ते आठ ठेवतो.

टीडीएस_तात्या
मग ते आरओ राहिलं कुठे? नवशिका तुमचं अर्धं वाक्य वाचून कोरं पाणी ओतेल आणि इथे येऊन रडेल.

गप्प_गप्पी
आणि तुमचं अर्धं वाक्य वाचून तो उडून गेलेल्या पाण्याची भर नळाच्या पाण्याने घालेल. वाफ होते ती पाण्याची, क्षार टँकमध्येच उरतात. छोट्या टँकमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) चढायला किती वेळ लागतो? भर घालायची ती आरओचीच. पाणी बदलताना मात्र क्षार घातलेलं.

टीडीएस_तात्या
भर घालण्यापुरतं मान्य. तेवढ्यापुरतंच. पुढच्या धाग्यात माझ्या नावावर खपवू नका.

काचेपलीकडे
अहो, धागा माझा आहे! विषय मासा होता.

टीडीएस_तात्या
मासा पाण्यातच राहतो ना?

पिवळी_शेपूट
माझा अनुभव फायटरचा नाही, पी पफर माशाचा. अडीच सेंटीमीटरचा जीव, गोगलगायी खाण्यात पटाईत, म्हणून "छोटासाच आहे" म्हणत श्रिंपमध्ये सोडला. त्याने मोठ्या चेरींचे डोळे टिपले. मॉस भरपूर होतं, ताई. तो मॉसमध्ये शिरून शोधायचा. शिवाय हा पश्चिम घाटातल्या नद्यांमधला मासा, आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत असुरक्षित. पकडून आणलेला असू शकतो हे विकताना कुणी सांगत नाही. यावर कुणी वेगळा धागा काढेल का? मी थकले.

मॉसवाली
पफर आणि फायटर एकाच मापाने? धन्य आहे.

बरं, काचेपलीकडेसाहेब, तुमच्या समाधानासाठी: पिल्लं कमी वाचतात, हे खरं. मोजत नाही मी. माद्या जितकी घालतात त्यातली काही उरतात, वसाहत टिकते. मला तेवढं पुरतं. तुम्हाला प्रत्येक पिल्लू वाचवायचं असेल तर श्रिंपचा टँक वेगळा करा आणि फायटरला एकट्याला राहू द्या. त्याची काही तक्रार नसते.

काचेपलीकडे
हेच तर पहिल्या पोस्टीत लिहायला हवं होतं! "पिल्लं खाल्ली जातील, वसाहत कदाचित टिकेल, आधी श्रिंप वाढू द्या, मासा शेवटी सोडा." एवढं लिहिलं असतं तर मी धागा काढलाच नसता.

मॉसवाली
काढला असता.

शंखोबा
काढला असता, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

नवा_टँक
वाचतोय कधीपासून. माझा टँक उंचवाला आहे आणि फायटर कालच सोडलाय. श्रिंप आणू की नको, हे कुणी एका ओळीत सांगेल का?

टीडीएस_तात्या
आधी सांगा, टँक सायकल झालाय का, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वसलेत का? आणि पाणी कुठलं वापरता?