पोर्तुगालने 'लीगल' केलं नाही
'पोर्तुगालने ड्रग्ज लीगल केली आणि प्रश्न मिटला' असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, पण लीगल नाही हो केलेली. २००१ पासून तिथे साधारण दहा दिवस पुरेल इतकाच माल जवळ सापडला तर फौजदारी केस होत नाही, कोर्टाऐवजी एका कमिशनसमोर (व्यसनाची प्रकरणं बघणारी सरकारी समिती) बोलावतात, विकणारा मात्र आजही आत जातो.

ड्रग्जच्या या चर्चेत स्वित्झर्लंडचं नाव कुणी काढलंच नाही याचं नवल वाटलं. झुरिचच्या मेन स्टेशनमागे प्लाट्सश्पिट्स नावाची बाग आहे, तिथे लोक दिवसाढवळ्या सुया टोचून घ्यायचे, १९९२ मध्ये बाग बंद केली तर सगळे उठून जवळच्याच लेटन स्टेशनवर गेले, म्हणजे हाकलून फक्त जागा बदलली. मग १९९४ पासून, बाकी उपचार करून थकलेल्या जुन्या व्यसनी लोकांना क्लिनिकमध्ये नर्सच्या देखत शुद्ध हेरॉइन द्यायला सुरुवात झाली, घरी न्यायला नाही, तिथेच घ्यायचं. आणि गंमत बघा, ३० नोव्हेंबर २००८ ला यावर सार्वमत झालं, ६८ टक्के लोक हो म्हणाले, आणि त्याच दिवशी गांजाला मोकळीक द्यायचा प्रस्ताव मात्र त्याच मतदारांनी सपशेल पाडला!