मदत हवी आहे: अंधारात पिंगळा (छोटं घुबड) टिपायला लेन्स घेऊ की कॅमेरा?
नमस्कार मंडळी, आरेमध्ये आमच्या इमारतीमागे गुलमोहराच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते, रोज सातच्या सुमारास बाहेर येऊन दिव्याच्या खांबावर बसते आणि मग तिथून सरळ खाली गवतातला किडा उचलते, मला तर तो किडा टॉर्च मारूनही दिसत नाही! माझ्याकडे साधा क्रॉप सेन्सरवाला (उजेड टिपणारी चिप लहान असलेला) कॅमेरा आणि ५५-२५० एमएम झूम लेन्स आहे, २५० ला अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, आकडा लहान तितकं ते मोठं) ५.६ च्या पुढे उघडत नाही, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० आणि शटर १/३० सेकंद ठेवलं तरी पिसांवरचे पांढरे ठिपके नॉइजमध्ये (फोटोतल्या दाणेदारपणात) विरघळून जातात आणि मान वळवली की सगळं पुसट. घुबडाचे डोळे नळीसारखे लांबट, मोठी बाहुली, डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेड टिपणाऱ्या पेशी खच्चून भरलेल्या, तेवढं आपल्या सेन्सरला कुठून जमणार, पण थोडं तरी जवळ जायचंय.

८५ एमएम, अ‍ॅपर्चर १.८ ची लेन्स घेतली तर जवळपास दहापट उजेड मिळेल पण पक्षी फ्रेममध्ये एवढासा दिसेल. त्यापेक्षा सेकंडहँड फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी बरी का? फ्लॅश अजिबात मारणार नाही, त्यांना त्रास नको. कोणी असे फोटो काढले असतील तर सेटिंग सांगा प्लीज, पिल्लं बाहेर यायच्या आत ठरवायचंय.