जांभूळबीचा अर्क अकार्बोज या मधुमेहाच्या औषधाच्या वरचढ? आकड्यात गोम कुठे?

प्रयोगवही:
जांभूळबीच्या पुडीचा मेथॅनॉल अर्क, अल्फा-ग्लुकोसिडेज (साखर तोडून ग्लुकोज सोडणारं एन्झाइम) किती अडतं याची चाचणी. यीस्टचं एन्झाइम, पीएनपीजी (एन्झाइमने तोडलं की पिवळा रंग देणारा पदार्थ), पीएच ६.८, ३७ अंश, शेवटी सोडियम कार्बोनेट घालून ४०५ नॅनोमीटरवर रीडिंग. अर्काचा आयसी-५० (एन्झाइम निम्मं अडवणारी तीव्रता, कमी तितकी चांगली) मिलीलीटरला ८ मायक्रोग्रॅम, अकार्बोजचा ६००च्या पुढे. तीनदा लावली, तेच आलं. पेपरात घालावं का?

तुरटबी:
घालू नका. यीस्टचं एन्झाइम अकार्बोजला फारसं जुमानतच नाही, सस्तन प्राण्यांच्या आतड्यातलं जुमानतं. म्हणून यीस्टवर कुठलाही काढा अकार्बोजला हरवतो, असे पेपर पैशाला पासरी आहेत.

उंदराच्या आतड्याची ॲसिटोन पावडर घ्या. १०० मिग्रॅ पावडर ३ मिली थंडगार ०.९ टक्के सलाइनमध्ये, भांडं बर्फात ठेवून ३०-३० सेकंदांचे सोनिकेशनचे फेरे, मग ४ अंशांना १०,००० जीवर अर्धा तास सेंट्रिफ्यूज. वरचा निवळ द्राव म्हणजे तुमचं एन्झाइम. पीएनपीजीऐवजी माल्टोज आणि सुक्रोज या साखरा वेगवेगळ्या लावा.

दुसरी गोम टॅनिनची. बी तुरट लागते ती त्यामुळेच, आणि टॅनिन दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं. चाचणीत मिलीलीटरला १ मिग्रॅ बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घालून बघा. आयसी-५० दहापट वर गेला, तर अर्क बहुधा नुसता प्रोटीनला लपेटत होता.

गाळणकागद:
बीएसएच्या जोडीला पीव्हीपीपीही (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी पावडर) करा. मेथॅनॉल आधी उडवून अर्क पाण्यात घ्या. १०० मिग्रॅ पीव्हीपीपी, १ मिली पाणी, १ मिली अर्क, ४ अंशांना १५ मिनिटं, मग सेंट्रिफ्यूज. अर्क इथे निम्म्यावर येतो, हिशेबात धरा. उरलेल्या द्रावात जोर राहिला तरच पुढे जाण्यात अर्थ.

माल्टोजवर गेलात की सुटलेलं ग्लुकोज जीओडी-पीओडी किटने (ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड करून त्यातून रंग देणारं) मोजाल, तिथे मोठा खड्डा आहे. अर्कातली पॉलिफेनॉल (टॅनिन त्यातलंच) हे हायड्रोजन पेरॉक्साइड खातात, रंग कमी येतो आणि तो एन्झाइम अडल्यासारखा दिसतो. एन्झाइम न घालता, अर्कात ठरावीक ग्लुकोज टाकून तेवढंच परत मिळतं का ते आधी तपासा.

प्रयोगवही:
पीएनपीजीच्या चाचणीत एन्झाइमविना ब्लँक (अर्काचा स्वतःचा रंग वजा करायला) एकच ठेवला होता, सगळ्यात कमी तीव्रतेचा.

तुरटबी:
प्रत्येक तीव्रतेला वेगळा हवा, कार्बोनेटसकट. कार्बोनेटच्या अल्कलीत पॉलिफेनॉल आणखी तपकिरी होतात आणि तो रंग रीडिंगमध्ये मिसळतो. म्हणजे ही चूक उलट्या बाजूची: वरच्या तीव्रतांना तुमचं इन्हिबिशन (एन्झाइम अडणं) आहे त्याहून कमी दिसलं असणार.